वखारीतले दार

खारजमिनीच्या काठी वाढलेल्या माणसाला दार ह्या वस्तूची थोरवी निराळी सांगावी लागत नाही. अलिबाग, पेण, उरण ह्या तालुक्यांतील खाडीलगतची भातशेती समुद्रापासून राखली आहे ती मातीच्या बांधांनी. आणि त्या बांधांत ठिकठिकाणी पाण्याला वाट देणारी जी दारे बसविलेली असतात, त्यांना आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की शेतात साचलेले पावसाचे पाणी उघाडीची झडप ढकलून खाडीत उतरते. भरती चढू लागली की खाडीचे खारे पाणी बाहेरून त्याच झडपेवर रेटा देते आणि झडप मिटते. झडप नादुरुस्त झाली तर उभे पीक जातेच; शिवाय जमिनीत शिरलेले मीठ धुऊन निघेपर्यंत पुढचे हंगामही हातचे जातात. बांध कितीही भक्कम असो, शेताचे भवितव्य त्या एवढ्याशा झडपेवर अवलंबून असते.

माणसाच्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवतीही असाच एक बांध असतो. विज्ञानाच्या पुस्तकांत त्याला प्रद्रव्यपटल असे नाव आहे. स्निग्ध पदार्थांचे ते अतिशय पातळ, दुहेरी अस्तर होय. साखरेसारखा पाण्यात विरघळणारा पदार्थ ते सहजासहजी ओलांडू शकत नाही. त्यासाठी त्या अस्तरात प्रथिनांची दारे असावी लागतात. मात्र आमच्या उघाडीत आणि ह्या दारांत एक मोठा फरक आहे. उघाडी बांधात कायमची बसविलेली असते. पेशीतील काही दारे एरवी भिंतीवर नसतातच. ती आतल्या वखारीत रचून ठेवलेली असतात आणि बाहेरून निरोप आला म्हणजे भिंतीवर आणून लावली जातात. हा निरोप कोण आणतो, आत तो कोण पोहोचवितो आणि वाटेत तो हरवला तर काय होते, हे समजून घेण्याची वेळ आम्हां भावंडांवर आली ती आमच्या आईमुळे.

आम्ही चौघे भावंडे. आमच्यातला थोरला शाळेत विज्ञान शिकवितो, धाकटी बहीण परिचारिका आहे, एक भाऊ रोज लाँचने मुंबईला कामावर जातो आणि एक बहीण सासरची शेती पाहते. आईला मधुमेह असल्याचे २००४ साली कळले. तिचे वय तेव्हा बावन्न होते आणि वजन पंचेचाळीस किलोंच्या आतले. जन्मभर तिने भाताची लावणी केली, बांधावर माती टाकली, डोक्यावर टोपली घेऊन बाजार केला. गोड पदार्थ आमच्या घरी व्हायचे ते नाताळात आणि लग्नकार्यात; तेही आधी मुलांच्या पानांत पडत. तरीही बातमी कळताच आळीतल्या बायका विचारू लागल्या, "गोड फार खात होतीस काय ग?" मधुमेह हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा रोग, अशी सर्वांची समजूत. आईला रोगापेक्षा त्या प्रश्नाची लाज अधिक वाटली. तिने चहातली साखर सोडली, नाताळच्या ताटाकडे पाहणेही सोडले. रक्तातली साखर काही मनासारखी उतरेना, आणि अंगातले बळ मात्र उतरत गेले.

एके दिवशी तिनेच आम्हांला विचारले, "तुम्ही सगळी शिकलेली माणसं. माझ्या रगतात एवढी साखर भरलीय म्हणता, तर मग माझ्या हातापायांत ताकद का नाही? भरल्या घरात ही उपाशी राहायची तऱ्हा कुठली?"

तिचा प्रश्न भाबडा नव्हता. वैद्यकशास्त्रालाही ह्या प्रश्नाचे नीट उत्तर देण्यास विसावे शतक जवळजवळ पुरे लागले.

उत्तराची सुरुवात पेशीच्या अंतरंगापासून करावी लागते. पेशी म्हणजे रसाने भरलेली एक साधी पिशवी, अशी आपली शालेय कल्पना असते. प्रत्यक्षात ते अनेक दालनांचे घर आहे. अंतर्द्रव्यजालिका नावाच्या दालनात, बाहेर पाठवायची किंवा भिंतीवर बसवायची प्रथिने घडतात. गॉल्गी पिंडात त्यांच्यावर शेवटचा हात फिरतो आणि त्यांची वर्गवारी होते. तेथून ती पुटिका नावाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून मुक्कामी रवाना होतात. ही वाट प्रथम दाखवून देणारे जॉर्ज पॅलाडे ह्यांना १९७४ सालचे नोबेल पारितोषिक इतर दोघांसह मिळाले. प्रथिनाच्या अंगातच त्याच्या मुक्कामाचा पत्ता लिहिलेला असतो, हे गुंटर ब्लोबेल ह्यांनी सिद्ध केले व १९९९ साली त्यांना तोच सन्मान लाभला. पारितोषिकाची रक्कम त्यांनी ड्रेस्डेन शहरातील युद्धात उद्ध्वस्त झालेल्या चर्चच्या पुनर्बांधणीसाठी आणि तेथील नव्या यहुदी प्रार्थनामंदिरासाठी देऊन टाकली, हे येथे सांगण्यास आम्हांला आनंद वाटतो. पुटिका योग्य त्या दालनाशी कशा एकजीव होतात ह्याचा उलगडा करणारे रॉथमन, शेकमन व स्यूडहॉफ हे २०१३ सालचे मानकरी.

परंतु पत्ता माहीत असणे आणि निघण्याची आज्ञा मिळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदरात होडी सज्ज असते, तांडेलाला दिशा ठाऊक असते. तरी किनाऱ्यावर तीन नंबरचा बावटा चढलेला असेल तर होडी नांगर उचलीत नाही. पेशीतही असे बावटे असतात. तेथे बावटा म्हणजे फॉस्फेटचा एक लहानसा अणुसमूह. काही विकर हा समूह दुसऱ्या प्रथिनाला नेऊन चिकटवितात. त्यांना कायनेज म्हणतात. तो चिकटला की त्या प्रथिनाचा आकार आणि वागणूक बदलते. फॉस्फटेज नावाचे विकर तोच समूह पुन्हा काढून घेतात आणि प्रथिन पूर्वपदावर येते. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स ह्या दोघांना हा व्यवहार गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात स्नायूंमधील एका विकराचा अभ्यास करताना आढळला. त्यांच्या शोधाचे मोल जगाने १९९२ साली नोबेल देऊन मान्य केले. माणसाच्या शरीरात कायनेज प्रकारचे विकर पाचशेहून अधिक आहेत. कोणते प्रथिन केव्हा हलायचे, केव्हा थांबायचे, कोणत्या दालनातून कोणत्या दालनात जायचे, ह्यांतील पुष्कळसे निर्णय त्यांच्या ह्या लावण्या-काढण्यावर ठरतात.

आता आईच्या साखरेकडे वळू. जेवण झाले की रक्तातील साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. १९२१ साली टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट ह्यांनी ते वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलाला ते प्रथम टोचण्यात आले आणि तो वाचला. इन्सुलिनने साखर उतरते हे तेव्हापासून सर्वांना ठाऊक होते. ती कशी उतरते हे मात्र ठाऊक नव्हते. १९८० साली अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांनी, एकीकडे कुशमन व वॉर्डझाला ह्यांनी आणि दुसरीकडे सुझुकी व कोनो ह्यांनी, उंदराच्या चरबीपेशींचा अभ्यास करून एक अनपेक्षित गोष्ट मांडली. इन्सुलिन नवी दारे घडवीत नाही. पेशीच्या आत साठवून ठेवलेली दारेच ते पृष्ठभागावर आणविते. पुढे आठ-नऊ वर्षांत त्या दाराचे प्रथिन नेमके ओळखण्यात आले. त्याला ग्लुट-४ असे नाव आहे. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ते असते. शरीर विश्रांत असताना ह्या दारांपैकी फारच थोडी भिंतीवर असतात. उरलेली सारी आतल्या पुटिकांत, म्हणजे आमच्या भाषेत वखारीत, पडून असतात.

इन्सुलिन हा निरोप्या दारांना हलविण्यासाठी स्वतः आत जात नाही. पेशीच्या भिंतीत त्याच्यासाठी एक ग्राही बसविलेला असतो. त्याचे एक अंग भिंतीबाहेर, दुसरे आत. निरोप्याने बाहेरून स्पर्श केला की आतले अंग जागे होते. हे आतले अंग स्वतःच कायनेज जातीचे विकर आहे. ते आधी स्वतःवर आणि मग जवळच्या दुसऱ्या एका प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का उठविते. त्या शिक्क्याच्या आधाराने एक तिसरा विकर भिंतीच्या आतल्या बाजूला काही स्निग्ध रेणूंवर खुणा करतो. त्या खुणांपाशी ॲक्ट नावाचे कायनेज गोळा होते आणि कामाला लागते. म्हणजे एकाच घरात निरोप चार हातांतून फिरतो.

ॲक्टचे पुढचे काम आम्हांला विशेष मनोवेधक वाटले. वखारीच्या तोंडाशी एएस-१६० नावाचे प्रथिन राखण करीत असते. पुटिकांना पुढे नेणारा जो रॅब-१० नावाचा मुकादम आहे, त्याला झोपवून ठेवणे एवढेच ह्या राखणदाराचे काम. ॲक्ट येऊन राखणदारावर शिक्का मारते, त्याची पकड सुटते, मुकादम जागा होतो आणि पुटिका भिंतीकडे सरकतात, तिच्याशी एकजीव होतात. दारे भिंतीवर उघडी होतात आणि साखर आत येते. हे सर्व काही मिनिटांत घडते. साखरेचा निचरा झाला की इन्सुलिन ओसरते, फॉस्फटेज आपापले शिक्के पुसून काढतात, भिंतीवरची दारे पुन्हा पुटिकांत ओढून घेतली जातात. एएस-१६० ची ही भूमिका २००३ च्या सुमारास उजेडात आली. म्हणजे आमच्या आईचा रोग ओळखला गेला त्याच्या थोडेसेच आधी.

ह्या साखळीत कोठे बिघाड झाला, ह्यावरून मधुमेहाचे दोन मुख्य प्रकार ओळखता येतात. पहिल्या प्रकारात निरोप्याच येत नाही. स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात, जो आमच्या आईला आहे व आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांना असतो, निरोप्या येतो, पहिल्या काही वर्षांत तर नेहमीपेक्षा अधिक संख्येने येतो. पण आतल्या हातांना तो नीट ऐकू येत नाही. स्नायूंच्या पेशींत जी चरबी साठते तिच्यामुळे भलतेच काही कायनेज जागे होतात आणि ते साखळीच्या सुरुवातीलाच अडथळा आणतात, असे एक प्रबळ मत आहे. दारे वखारीत आहेत, धडधाकट आहेत. त्यांना बाहेर काढण्याचा हुकूम मात्र मुकादमापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. साखर रक्तात साचते आणि स्नायू उपाशी राहतो. पुढे जास्तीचे इन्सुलिन स्रवून स्रवून स्वादुपिंडही थकते. आईने विचारलेल्या भरल्या घरातल्या उपासाचे उत्तर हे असे आहे.

ह्या संशोधनाचा एक धागा आमच्या किनाऱ्याच्या अगदी समोर विणला गेला आहे, हे आम्हांला बऱ्याच उशिरा कळले. आमच्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. मांडव्याच्या धक्क्यावरून समुद्रापलीकडे दिसते ती मुंबई, आणि तिच्या टोकालाही कुलाबाच आहे. त्या कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी आहे. तेथे काम करीत असताना रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या पेशीतील वाहतुकीचा अभ्यास केला व २०१९ साली तो प्रसिद्ध केला. यकृताच्या पेशीत चरबीचे थेंब असतात. जेवणानंतर इन्सुलिनचा निरोप आला की तेथील एक विकर थेंबाच्या पृष्ठभागावर विशिष्ट स्निग्धाम्ल तयार करतो. त्या खुणेला कायनेसिन नावाचे वाहक प्रथिन येऊन चिकटते आणि सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून थेंबाला पेशीच्या कडेकडे, अंतर्द्रव्यजालिकेपाशी, ओढून नेते. तेथून ती चरबी रक्तात सोडण्याजोगी केली जाते. उपास असला की इन्सुलिन उतरते, खूण पुसली जाते, वाहक थेंबाला सोडतो आणि चरबी जागच्या जागी राहते. उपासाच्या काळात यकृतात चरबीचा लोंढा येत असूनही रक्तात तिचा पूर येत नाही, त्याचे एक कारण हे आहे. एकच निरोप्या स्नायूत साखरेची दारे लावतो आणि यकृतात चरबीची ओढगाडी जुंपतो. निरोप बहिरा झाला की एकाच घरातले किती व्यवहार बिघडतात, ह्याची कल्पना ह्यावरून यावी.

परंतु आम्हांला सर्वांत धीर दिला तो दुसऱ्याच एका माहितीने. वखारीतली दारे बाहेर काढण्याचा इन्सुलिनखेरीज आणखी एक मार्ग आहे. स्नायू आकुंचन पावू लागला, म्हणजे माणूस चालू लागला, वल्हवू लागला, फावडे मारू लागला, की स्नायूतील इंधन खर्ची पडते. ह्या तुटीची चाहूल घेणारे एएमपीके नावाचे एक कायनेज पेशीत असते. ते जागे होते आणि एएस-१६० च्या भावंडासारख्या असलेल्या दुसऱ्या राखणदारावर शिक्का मारते. ह्या कामात त्याला इतरही संदेशांची साथ असते. दारे भिंतीवर येतात. इन्सुलिनची वाट न पाहता येतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पहिली वाट अडलेली असली तरी ही दुसरी वाट बहुतांशी खुली राहते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेही माणसांना सायकल चालवावयास लावून त्यांच्या मांडीच्या स्नायूचा सूक्ष्म तुकडा तपासला, तेव्हा निरोगी माणसांप्रमाणेच त्यांचीही दारे पृष्ठभागावर आलेली आढळली. शिवाय अशा श्रमानंतर दिवस-दोन दिवस स्नायू इन्सुलिनचा निरोपही अधिक चांगला ऐकतो. डॉक्टर "रोज चाला" असे सांगतात त्यामागे हा एवढा मोठा कारभार आहे. आजवर आम्ही तो उपदेश समजत होतो.

येथे आमच्या किनाऱ्याच्या बदलत्या जीवनाचा विचार मनात येतो. शिडाच्या आणि वल्ह्यांच्या होड्यांना यंत्रे बसली. बांधबंदिस्ती माणसांच्या हातांनी होत असे, तेथे यंत्राची बादली आली. अनेक खारशेते ओस पडली, अनेक विकली गेली. त्यांवर मुंबईकरांचे बंगले उभे राहिले आणि शेतमालकांची मुले त्या बंगल्यांची राखण करू लागली. २०२० पासून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी मोठी बोट सुरू झाली. ह्या बदलांना नावे ठेवण्याचा आमचा उद्देश नाही. जुन्या श्रमांत सुख थोडे आणि उपासमार पुष्कळ होती, हे आमच्या आईच्या पाठीकडे पाहिले तरी कळते. एवढेच की, पूर्वी पोटासाठी जे स्नायू आपोआप हलत होते ते आता मुद्दाम हलवावे लागतात; आणि भात तर ताटात तेवढाच राहिला आहे.

मग आईसारख्या राबणाऱ्या, सडपातळ बाईला हा रोग का व्हावा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही पुण्यापर्यंत पोहोचलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा, त्या गरोदर होण्याच्या आधीपासून अभ्यास सुरू केला. ह्या शेतकरी स्त्रियांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाची होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळे सुमारे ३.५ किलोंची. नवल पुढेच आहे. आपली बाळे हाडापेराने, स्नायूंनी लहान होती. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने त्यांनी राखून ठेवलेली होती. बारीक दिसणाऱ्या देहात चरबीचा वाटा अधिक. २००४ साली डॉ. याज्ञिक ह्यांनी 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात स्वतःचे आणि आपले इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन ह्यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. दोघांचे उंचीच्या मानाने वजन तंतोतंत सारखे, निर्देशांक २२.३. परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के.

ही आकडेवारी आम्ही आईला वाचून दाखविली नाही. तिचा अर्थ तेवढा सांगितला. तिची आई पोटुशी असताना घरात धान्य पुरत नव्हते, ही गोष्ट आजीकडून आम्ही अनेकदा ऐकली होती. उपाशी गर्भ आधी मेंदू वाचवितो, चरबी जपतो आणि स्नायूंत काटकसर करतो. साखर रिचविणारा मोठा कोठार म्हणजे स्नायूच. तोच जन्मापासून लहान राहिला, तर पुढे थोड्या सुबत्तेचा भारही त्याला पेलत नाही. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे हे मी खाल्ल्याचं नाही. माझ्या आईनं न खाल्ल्याचं आहे." आळीतल्या त्या प्रश्नाची लाज तिच्या मनातून त्या दिवशी उतरली, असे आम्हांला वाटते.

रोग मात्र तेवढ्याने उतरणारा नव्हता. गोळ्यांनी भागेनासे झाले तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुचविले आणि आईने हात जोडले. "सुई लागली म्हणजे संपलं," ही आमच्या गावातली जुनी समजूत. ज्यांना ज्यांना इन्सुलिन लागले ते लवकर गेले, हे तिने पाहिले होते. त्यांना ते फार उशिरा लागले होते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तीन वर्षे ती नाही म्हणत राहिली. त्या तीन वर्षांत तिच्या डाव्या डोळ्याची दृष्टी निम्म्याहून अधिक गेली. शेवटी आमच्या धाकट्या बहिणीने तिला तिच्याच शब्दांत समजावले. "आई, भरतीला उघाडीची झडप मिटली नाही तर तू काय करतेस? बाहेरून माणूस पाठवतेस ना? इन्सुलिन म्हणजे बाहेरून पाठवलेला माणूस. आतला निरोप्या थकलाय, म्हणून याला पाठवायचं. याची सवय लागत नाही, व्यसन लागत नाही. तुझ्या अंगात जे बनायला हवं तेच हे आहे." आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हे आधीच कोणी असं सांगितलं असतं तर."

आज आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन घेते आणि डॉक्टरांनी घालून दिलेल्या बेताने संध्याकाळी चालते. तिचा डोळा परत आला नाही. आम्हां भावंडांपैकी एका बहिणीला चाळिशीतच मधुमेह निघाला. दुसऱ्याची साखर काठावर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी माणसांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी माणसे त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या मोठ्या संख्येत प्रत्येक आळीत, प्रत्येक कुटुंबात एखादी तरी आमच्या आईसारखी असणार. कोणीतरी तिला गोड किती खाल्लेस म्हणून विचारीत असणार. आणि कोणीतरी सुईच्या धास्तीने दिवस ढकलीत असणार. हे लिहिण्याचे कारण त्या घरांपर्यंत एवढे पोहोचावे, हेच. रोग्याला दोष देऊन साखर उतरत नाही. चालल्याने पेशींची दारे खरोखर हलतात. आणि डॉक्टर इन्सुलिन सुचवितील तेव्हा ते शेवटाचे लक्षण समजून टाळू नये.

पेशीच्या अंतरंगातील ह्या निरोपांविषयी जो जो वाचावे, तो तो आम्हांला एका गोष्टीचे आश्चर्य वाटत राहते. तेथे कोणतीही आज्ञा कायमची नसते. शिक्का उठविणारा विकर आहे तसा तो पुसणाराही आहे. आज अडलेली वाट उद्याच्या चालण्याने थोडी मोकळी होऊ शकते. जे कायमचे होऊन बसते ते बरेचसे जन्माच्या आधी, आईच्या पोटात ठरते. म्हणून पुण्याच्या त्याच अभ्यासात जन्मलेली बाळे मोठी होऊन किशोरवयात आली तेव्हा, २०१२ पासून, डॉ. याज्ञिक ह्यांच्या गटाने त्यांना ब-१२ जीवनसत्त्व आणि इतर पोषकद्रव्ये देण्याचा प्रयोग हाती घेतला, की पुढे त्यांच्या पोटी येणारी पिढी तरी भक्कम घडावी.

आमच्या घरात ह्या पावसाळ्यात नातसुनेला दिवस गेले आहेत. आई एका डोळ्याने पाहते. पण सुनेच्या ताटात डाळ किती, मासळी किती, पालेभाजी पडली की नाही, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाण्याची रीत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या वाट्याला आली होती. आईने ती मोडून काढली आहे. घरात आता पहिले ताट नातसुनेचे वाढले जाते.